पावसाळ्यात रॉडचं फिनिश दरवर्षी का बिघडतं: चिकटपणा, तवंग, बुडबुडे, खड्डे

जून लागला की हे सुरू होतंच. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, खडकावरून गरवणाराही उधाण बघून घरी बसतो, आणि मग वर्षभर हौसेनं मागवून ठेवलेले ब्लँक, म्हणजे गरवायच्या रॉडचे नुसते कोरे दांडे, माळ्यावरून खाली येतात. गाइड (ज्यांतून दोरी जाते त्या कड्या) बांधले जातात, दोरा मस्त बसतो, फोटो पाठवले जातात, आणि दोन दिवसांनी ठरलेला मेसेज येतो, "दादा, फिनिश अजून हाताला चिकटतंय, काय करू?" त्याच्या मागोमाग बुडबुडेवाले, मग खड्डेवाले, आणि शेवटी ते ज्यांनी तिसऱ्यांदा ब्रँड बदललाय आणि तरी तेच होतंय.

ब्रँडचा यात फार कमी संबंध आहे हो. रॉडवर लावायचं कुठलंही बरं इपॉक्सी घ्या, ते नीट सुकतं. गडबड अशी आहे की आपल्याकडे रॉड बांधायचा सीझन आणि इपॉक्सीसाठी सगळ्यात वाईट सीझन एकच आहे. आपण शिकतो ते बहुतेक अमेरिकन व्हिडिओ बघून, तिथे तो माणूस हीटर लावलेल्या कोरड्या तळघरात बसलेला असतो आणि आपण बसतो अलिबाग नाहीतर मालवणात, भिंतीला ओल आलेली, मिठाला पाणी सुटलेलं. त्यानं सांगितलेलं सगळं बरोबर असतं पण त्याला जे सांगायची गरजच पडत नाही तेच आपल्याला नडतं.

एकदम नवीन असाल तर एवढंच लक्षात ठेवा, गाइडचा पाय ब्लँकवर दोऱ्यानं बांधतो तो रॅप, आणि त्यावर इपॉक्सीच्या दोन बाटल्यांमधलं रेझिन आणि हार्डनर मिसळून जो काचेसारखा थर देतो ते फिनिश. दोरा गाइडला धरतो आणि फिनिश दोऱ्याला धरतं. म्हणजे दिसायला शो असला तरी काम त्याचं आहे, रविवारी एखादा मोठा जिताडा लागला की कळतं.

काहीही दुरुस्त करायच्या आधी एक सवय लावून घ्या, उरलेलं मिश्रण फेकू नका. जेवणाच्या फॉइलवर पातळ पसरून ती फॉइल रॉडच्या शेजारीच ठेवा. कपात तळाशी उरलेला गोळा चालणार नाही, कारण एका जागी जास्त मिश्रण असलं की ते स्वतःच गरम होतं आणि लवकर कडक होतं, त्यावरून काही कळत नाही, पातळ थरच पाहिजे. दुसऱ्या दिवशी नखानं दाबून बघा. फॉइलवरचं कडक आणि रॉडवरचं चिकट, तर मिश्रण बरोबर होतं, दोष रॉडच्या पृष्ठभागावर आहे. फॉइलवर काही भाग कडक आणि मध्ये मध्ये मऊ रेघा, तर ढवळणं कमी पडलं. सगळंच सारखं लिबलिबीत, तर मोजमाप चुकलं नाहीतर खोली फार गार होती. निम्मे प्रॉब्लेम इथेच कळतात, मला विचारायचीही गरज नाही, पण फॉइल कोणी ठेवत नाही.

आता चिकटपणाच बघू आधी, कारण तक्रारी सगळ्यात जास्त याच्याच. बहुतेक रॉड फिनिश समान मापाचं असतं, जेवढं रेझिन तेवढंच हार्डनर, आणि हे माप आकारमानाचं आहे, वजनाचं नाही. दोन्ही द्रवांची घनता वेगळी असते, रेझिन थोडं जड असतं, त्यामुळे किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये समसमान घेतलं तर हार्डनर जास्त जातं. कंपनीनं वजनाचं माप वेगळं दिलं असेल तरच काटा वापरा, नाहीतर सिरिंज. आणि थोडंसंच लागतंय म्हणून एक एक मिली घेऊ नका, एक मिलीत ०.१ मिलीची चूक म्हणजे दहा टक्के, पाच मिलीत तीच चूक दोन टक्के. तीन तीन मिलीच्या खाली उतरायचंच नाही, उरलं तर उरलं. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा अडकला असेल तर तोही मापात धरला जातो हे विसरू नका, घट्ट रेझिन खेचताना हमखास अडकतो. बाटली कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं ठेवली की रेझिन सैल होतं आणि सरळ खेचलं जातं. रेझिनमध्ये पांढरे कण दिसत असतील, साखर बसल्यासारखे, तर ते खराब झालेलं नाही, गोठलंय, गरम पाण्यात ठेवून पूर्ण स्वच्छ होईपर्यंत थांबा, मग गार होऊ द्या आणि मगच घ्या.

दोन सिरिंज, दोन रंगांचे टेप, आणि बाटल्यांची झाकणं कधीच अदलाबदल नाही. हे सांगायला लागू नये पण लागतं.

आणि आता ते हार्डनरचं प्रकरण. आपल्या किनाऱ्यावर होडीला फायबर मारणारे लोक सगळीकडे आहेत, त्यांच्याकडून ऐकलेलं असतं की लवकर सुकवायचं असेल तर हार्डनर दोन थेंब जास्त. त्यांचं बरोबर आहे, कारण ते पॉलिएस्टर रेझिन वापरतात आणि त्यात जे घालतात ते फक्त रिअ‍ॅक्शन सुरू करून देतं, किंचित कमी-जास्त झालं तर वेळ बदलतो. इपॉक्सीत हार्डनर स्वतःच जोडीला बसतं, रेझिनच्या प्रत्येक मोकळ्या टोकाला हार्डनरचं टोक लागतं, त्यामुळे जास्त घातलं तर जे उरतं त्याला जोडीदारच नाही, ते तसंच मोकळं राहतं आणि थर कायमचा मऊ पडतो. लवकर सुकवायचं असेल तर उष्णता वाढवा, हार्डनर नाही.

ढवळणं पूर्ण तीन-चार मिनिटं, घड्याळ लावून, सावकाश. मध्येच थांबून कपाच्या कडा आणि तळ खरवडून परत मिसळा, कडेला जे चिकटलेलं असतं ते न मिसळलेलंच असतं आणि नंतर ब्रश नेमका तिथूनच भरला जातो. आईस्क्रीमची लाकडी काडी टाळा, लाकडात हवा आणि दमटपणा दोन्ही असतं. स्टीलचा छोटा चमचा उलटा धरून दांड्यानं ढवळा, झकास काम होतं.

बरं, चिकट झालंच आहे तर? घाई करू नका. आधी ४८ तास उबेत ठेवा, उबेचं खोकं कसं करायचं ते खाली येतंय. तेवढ्यानं बरंच फिनिश बसतं, विशेषतः माप बरोबर होतं पण खोली गार होती तेव्हा. तरी बोटाचा ठसा उमटत असेल पण बोटाला काही लागत नसेल, तर त्यावर नीट मोजलेला, नीट ढवळलेला दुसरा पातळ थर द्या, बहुतेक वेळा खालचं त्यात बंद होऊन जातं. पण बोटाला मधासारखं लागत असेल तर वर काही लावण्यात अर्थ नाही, ते काढायचं. कसं ते शेवटी.

आता पावसाळ्याचं खास दुखणं. फिनिश कडक झालंय, नखानं दबत नाही, पण वर एक तेलकट तवंग आहे, कधी दुधाळ डाग, बोट फिरवलं की मेणचट लागतं. लोक याला पण चिकटपणाच म्हणतात आणि इथेच चुकीचा इलाज सुरू होतो. हे फिनिश सुकलेलं आहे. हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाची हवेतल्या बाष्पाशी आणि कार्बन डायऑक्साइडशी रिअ‍ॅक्शन होऊन वर एक प्रकारचा क्षार जमतो, एवढंच. तो पाण्यात विरघळतो. म्हणजे इलाज स्पिरिटचा नाही, पॉलिश पेपरचा तर नाहीच (घासलात तर तो तवंग आत रगडला जातो आणि पुढचा थर त्याच्यावर धरत नाही), इलाज आहे कोमट पाणी आणि दोन थेंब भांड्याचा साबण. मऊ फडक्यानं पुसा, परत साध्या पाण्यानं पुसा, कोरडं करा. मग हवं तर भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरनं हलकं मॅट करून दुसरा थर द्या. दुधाळपणा आतवर गेला असेल, पाण्यानं जात नसेल, तर मात्र दमट दोऱ्यावर किंवा न सुकलेल्या कलर प्रिझर्व्हरवर (दोऱ्याचा रंग टिकवायला फिनिशच्या आधी लावतात तो) फिनिश गेलंय, तो वेगळा विषय, पुढे येतो.

तवंग येऊच नये म्हणून काय? हवेतला दमटपणा दाखवणारं छोटं डिजिटल मीटर मिळतं, स्वस्त असतं, ते घ्या. माझा साधा नियम, साठ टक्क्यांच्या आसपास असेल तर निवांत काम करा, ऐंशीच्या वर असेल तर त्या दिवशी दोरा गुंडाळा, फिनिश लावू नका. एसी असेल तर ड्राय मोडवर, २६-२७ डिग्रीला, १८ ला नाही, गार खोलीत इपॉक्सी घट्ट होतं, बुडबुडे सोडत नाही आणि सुकायला दुप्पट वेळ घेतं. आणि एसीतला गार रॉड तसाच उचलून पडवीत नेऊ नका, चष्म्यावर जसं बाष्प धरतं तसं ब्लँकवर धरतं, दिसत नाही इतकंच.

एसी नसेल तर खोकं. प्लायचं केलंत तर उत्तम, जाड पुठ्ठ्याचंही चालतं, दोन्ही बाजूंना रॉड जाईल एवढी भोकं, आत जुना पिवळा ४० किंवा ६० वॅटचा बल्ब, पुठ्ठ्यापासून चांगला वीतभर लांब. एलईडी बल्ब उपयोगाचा नाही, तो तापत नाही. आतलं तापमान ३०-३५ च्या मध्ये राहिलं पाहिजे, हवा तापली की तिचा दमटपणा आपोआप उतरतो. पण उबेसाठी मेणबत्ती, गॅस किंवा स्टोव्ह अजिबात नको. आगीची भीती आहेच, पण त्याहून खास कारण म्हणजे जळताना नेमकं पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइडच तयार होतं, म्हणजे ज्या दोन गोष्टींनी तवंग येतो त्याच तुम्ही खोक्यात भरताय. खोली बंद करून शेगडी पेटवणाऱ्यांचं फिनिश इतरांपेक्षा जास्त तेलकट का होतं याचं उत्तर हे आहे.

दोऱ्याची रिळं बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. बांधलेला रॉडही फिनिशच्या आदल्या रात्री खोक्यात बल्बखाली राहू दे. दोरा दमट असला की कितीही चांगलं इपॉक्सी आणा, दुधी दिसणारच.

बुडबुड्यांकडे वळू. सगळे म्हणतात ढवळताना आले. काही येतात, ते जातात पण. ढवळून झालं की मिश्रण कपात ठेवू नका, फॉइलच्या उथळ ट्रेमध्ये ओता, पातळ थरातून हवा लवकर निघते आणि मिश्रण तापत नाही म्हणून कामाला वेळही जास्त मिळतो. पाकिटावर लिहिलेला वेळ साधारण २४-२५ डिग्रीचा असतो, आपल्याकडे ३२ डिग्री असेल तर तो बराच कमी धरा. पण जे बुडबुडे पुसले तरी परत परत त्याच जागी येतात, ते ढवळण्याचे नाहीत. रॅप जवळून बघा, भिंग असेल तर भिंगातून. गाइडचा पाय ब्लँकवर बसतो तिथे पायाच्या दोन्ही बाजूंना, दोऱ्याच्या खाली, तिकोनी आकाराचं एक लांबट बोगद्यासारखं पोकळ राहतं. त्यात हवा असते. तुम्ही वरून फिनिश लावून तोंड बंद केलं आणि मग बुडबुडे फोडायला खालून स्पिरिटचा दिवा फिरवला की ती हवा फुगते आणि दोऱ्यातून एक एक मणी वर येत राहतो. लोक दिवा अजून फिरवतात, हवा अजून फुगते.

म्हणून सुरुवात त्या बोगद्यापासून करायची. रॉड हातानं फिरवत, गाइड वर धरून, पायाच्या मोकळ्या तोंडाशी एक थेंब द्या आणि थांबा, तो आपोआप आत ओढला जातो, दुसऱ्या टोकाला ओलं दिसेपर्यंत एकेक थेंब देत राहा. ते भरलं की मग उरलेला रॅप. दुसरी युक्ती म्हणजे फिनिश लावायच्या आधी ब्लँक थोडा उबदार करून घ्यायचा, खोक्यातून काढला की असतोच, आणि मग तो गार होत असताना लावायचं, आतली हवा आकसते आणि फिनिश आत खेचून घेते. उलट केलंत, म्हणजे गार रॉडवर लावून नंतर तापवलंत, तर हवा बाहेर ढकलणारच.

ज्योत वापरायची तर शाळेच्या लॅबमध्ये असायचा तसला स्पिरिटचा दिवा. लायटर किंवा मेणबत्ती नको, काजळी धरते आणि पांढऱ्या दोऱ्यावर ती कायमची बसते. ज्योत रॅपच्या खालून पटकन सरकवायची, एका जागी थांबायचं नाही, उबेनं फिनिश क्षणभर पातळ होतं आणि बुडबुडा स्वतःच फुटतो. तोंडानं फुंकर मारायची सवय मोडा, फुंकरीतही वाफच असते, आणि जेवून आला असाल तर अजून काय काय असतं. पंखा बंद. घामाघूम व्हाल पण बंदच, नाहीतर धूळ बसते, आणि घामाचा थेंब पडणार नाही याची काळजी घ्या.

ब्रशनं एका दमात जाड थर देण्याचा मोह खूप होतो. मग मधे पोट सुटलेला आणि दोन्ही टोकांना बारीक असा रॅप तयार होतो. पहिला थर इतका पातळ द्या की दोऱ्याचे वळसे वरून जाणवले पाहिजेत, त्याचं काम फक्त दोऱ्यात मुरायचं. आठ-दहा मिनिटं फिरू द्या, मग रॉड थांबवून जे खाली लोंबतंय ते ब्रशनं टिपून घ्या. चमक दुसऱ्या थरात येते. पोट सुटूनच गेलं असेल तर पूर्ण कडक झाल्यावर धारदार ब्लेडनं सावकाश छिलून, चारशे नंबरच्या पॉलिश पेपरनं सपाट करून पातळ थर द्या, दोरा कापला जाईपर्यंत छिलू नका म्हणजे झालं.

रॉड फिरवायला मोटर लागते आणि ती महाग घ्यायची काही गरज नाही. जुन्या मायक्रोवेव्हच्या काचेच्या ताटाखाली जी छोटी चपटी मोटर असते ती मिनिटाला पाच-सहा फेऱ्यांची असते आणि या कामाला चालते. फक्त त्यातल्या काही थेट २३० व्होल्टच्या असतात, उघड्या वायरवर काम करू नका, आणि काही मोटरी दर वेळी सुरू होताना दिशा बदलतात, त्यानं काही बिघडत नाही. पण कोकणात पावसात लाइट जाते. फिनिश लावून अर्धा तास झालाय आणि लाइट गेली तर सगळं खाली ओघळून थेंब धरतात. म्हणून मी तर सांगेन १२ व्होल्टची गिअरची डीसी मोटर घ्या, स्कूटरच्या जुन्या बॅटरीवरही रात्रभर चालते. तेही नसेल तर पहिले तीन-चार तास कोणीतरी बसायचं आणि हातानं फिरवत राहायचं, सुरुवातीला दर दोन-तीन मिनिटांनी अर्धी फेरी, नंतर पाच, मग दहा. रॉड पूर्ण आडवा, लेव्हलमध्ये पाहिजे, जरा जरी कलला तरी फिनिश एका टोकाला सरकतं आणि मग म्हणता एका बाजूलाच पोट का आलं.

खड्डे. फिनिश लावलं, सुंदर दिसतंय, पाच मिनिटांत एखादा गोल ठिपका उघडा पडतो आणि भोवती कडा उचललेली, जितकं भरावं तितकं ते मागे सरकतं. तिथे तेल आहे नाहीतर सिलिकॉन आहे. आता घरात तेल कुठून आलं म्हणाल तर डोक्याला लावलेलं खोबरेल, तो हात केसातून फिरतो आणि तोच दोऱ्यावरून फिरतो. किचनच्या शेजारी फिनिश लावलं आणि तिकडे बोंबील तळायला घेतले, झालं. हातावरचं मॉइश्चरायझर, रीळला मारायचा स्प्रे, मच्छरसाठी लावलेलं क्रीम, सगळं यात येतं. आणि एक कारण लवकर लक्षात येत नाही, ते म्हणजे मेडिकलमधली काळ्या रबरी बुडाची सिरिंज, ते रबर सरकायला आत सिलिकॉन तेल लावलेलं असतं आणि तुम्ही तेच रेझिनबरोबर मोजून घेता. रबर नसलेली, पूर्ण प्लास्टिकची दोन तुकड्यांची सिरिंज मिळते, ती घ्या.

पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे आयपीए, ९९ टक्केवालं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन दोन्ही असतं, म्हणजे एक घाण काढून दुसरी लावायची. गाइड बांधायच्या आधी ब्लँक पुसा, बांधताना हात साबणानं धुवून कोरडे असू द्या, दोरा दाबून सारखा करायला उघडं बोट वापरू नका, पेनाचं गुळगुळीत टोपण वापरा. खड्डा ओला असतानाच दिसला तर तेवढा भाग टिश्यूला आयपीए लावून टिपा आणि परत लावा, एकदोनदा केलं की बसतो. सुकल्यावर दिसला तर सहाशेचा पेपर, पुसणं, दुसरा थर.

आता सजावट, कारण नवीन माणूस पहिल्याच रॉडवर सगळं करायला जातो. साधा नायलॉनचा दोरा इपॉक्सी पडलं की पारदर्शक होतो आणि रंग गडद होतो, पिवळा मळकट दिसतो, आकाशी जवळजवळ काळा, खालचा गाइडचा पाय आरपार दिसतो. यात काही बिघडलेलं नाही, तो दोऱ्याचा स्वभाव आहे. रंग तसाच ठेवायचा असेल तर एनसीपी (म्हणजे प्रिझर्व्हर न लावताही रंग टिकवणारा) लिहिलेला दोरा घ्या नाहीतर आधी कलर प्रिझर्व्हर लावा. प्रिझर्व्हर कमी पडला की रॅपवर ढगाळ ठिपके येतात, कारण कुठे मुरला कुठे नाही, त्यामुळे भरपूर लावून पाच मिनिटांनी जास्तीचा टिपायचा. तो बहुतेक पाण्याचा असतो, म्हणून पावसाळ्यात रात्रभरावर भागत नाही, दोन दिवस तरी द्या, वर सांगितलेला आतला दुधाळपणा इथूनच येतो. आणि मोठ्या माशाच्या रॉडवर गाइडच्या रॅपला प्रिझर्व्हर मी तरी लावत नाही, फिनिश दोऱ्यात मुरलं पाहिजे आणि प्रिझर्व्हर नेमकी तीच जागा अडवतो. सजावट हँडलच्या पुढे करा, तिथे ताण नसतो.

शिंप्याचा पॉलिएस्टर दोरा चालतो का? चालतो, पण त्याला लव असते, फिनिशमध्ये ती उभी राहते, स्पिरिटच्या दिव्यावरून झरकन फिरवून जाळून घ्यावी लागते. मशिनवरच्या एम्ब्रॉयडरीचा चकचकीत पॉलिएस्टर दोरा त्यापेक्षा बरा. जरीचा दोरा मात्र ज्योतीजवळ नेऊ नका, प्लास्टिकची पट्टी असते, लगेच मुरडते. जरीचे दोनच वळसे कडेला, एवढंच शोभतं, पूर्ण रॅप जरीचा केला की पैठणीचा पदर वाटतो.

शंकरपाळीची नक्षी, म्हणजे दोरे तिरके एकमेकांवर टाकून जी चौकोनांची माळ करतात ती, वाकडी जाते अशी तक्रार असते. एक कारण म्हणजे मधली रेघ आखलेली नसते. ब्लँकच्या वर आणि बरोबर मागे, दोन्हीकडे बारीक मास्किंग टेपची सरळ पट्टी लावा, दोऱ्यांचे छेद प्रत्येक वेळी त्या पट्टीच्या मध्यावरच पडले पाहिजेत. दुसरं, ब्लँक पुढे निमुळता होत जातो, त्यामुळे सारखं अंतर ठेवलं तर पुढची शंकरपाळी लांबट दिसते, अंतर थोडं थोडं कमी करत जा. मागच्या बाजूचे छेद कोणी बघत नाही म्हणून सोडतात आणि चार फेऱ्यांनी पुढची बाजूही सरकते. या नक्षीत दोऱ्यांचे थर खूप असल्यानं हवाही खूप असते, तेव्हा पहिला थर अगदी पातळ, मुरायला वेळ देऊन. अल्कोहोल टाकून फिनिश पातळ करायला सांगतात त्यांचं ऐकू नका, मिश्रण कोमट ठेवा तेवढं पुरतं.

नाव लिहायचं असेल तर पेंट पेननं ब्लँकवर लिहा, पूर्ण वाळू द्या, मग प्रिझर्व्हरचा हलका हात, मग फिनिश. इंकजेटवर छापलेलं स्टिकर थेट खाली गेलं तर शाई पसरते, त्याला आधी क्लिअर अ‍ॅक्रेलिक स्प्रे हवा. परदेशात हँडलच्या पुढे सापाची कातडी लावायची फॅशन आहे, व्हिडिओत भारी दिसते, पण आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्या वाटेला जायचंच नाही. कोंबड्याची पिसं लावा, चिकन कटिंगवाल्याकडे फुकट मिळतात, धुवून वाळवून.

महिन्या-दोन महिन्यांनी गाइडच्या पायाच्या टोकाशी बारीक तडा जातो, त्यात खारं पाणी शिरतं आणि गंजाचा तपकिरी डाग दोऱ्यातून वर येतो. टोक जाड राहिलं की रॉड वाकताना फिनिश तिथेच मोडतं, म्हणून बांधायच्या आधी पायाचं टोक कानशीनं सुरीच्या धारेसारखं निमुळतं करा, खालची कड गुळगुळीत करा नाहीतर ब्लँकमध्ये रुतेल. घासलेल्या जागी कोटिंग जातं, तिथे इपॉक्सीचा एक ठिपका लावून मगच बांधा. दागिन्यांचं आर्ट रेझिन वापरलं असेल तर तडे जास्त, त्यातली बरीचशी कडक असतात आणि रॉडला वाकावं लागतं. पाच मिनिटांत बसणारं दोन ट्यूबवालं गोंदाचं इपॉक्सी तर फिनिश म्हणून नकोच, लावता लावता घट्ट होतं आणि पुढे पिवळं पडतं. ते टिप टॉप, म्हणजे रॉडच्या अगदी टोकाचं गाइड, बसवायलाही मी घेत नाही, तिथे उष्णतेनं वितळणारा गोंद बरा, पुढे टिप बदलावी लागली तर सोपं जातं.

आणि काढायची वेळ आलीच तर. नवीन ब्लेड घ्या आणि कापायचं ते गाइडच्या पायाच्या वर, धातूवर, ब्लँकवर कधीच नाही, ग्रॅफाइटच्या ब्लँकवर ब्लेडची एक ओरखडी पुरते, तिथूनच तो पुढे मोडतो. फिनिश कडक असेल तर हेअर ड्रायरनं थोडं उबदार करा, इपॉक्सी रबरासारखं मऊ पडतं, पायाच्या लांबीनं चीर दिली की अख्खं कवच दोऱ्यासकट सोलून निघतं. राहिलेल्या कडा नखानं किंवा प्लास्टिकच्या जुन्या कार्डानं. लिबलिबीत फिनिश असेल तर दोरा सोडवून काढा आणि ब्लँक आयपीएनं परत परत पुसा, दर वेळी फडकं नवीन, हातात नायट्राइलचे ग्लोव्हज, न बसलेलं हार्डनर त्वचेला चांगलं नाही आणि एकदा अ‍ॅलर्जी लागली की ती जात नाही. गाइड स्वच्छ करून परत वापरता येतात. नवीन रॅप करून फिनिश लावलं की दुसऱ्या दिवशी हाताला कोरडं वाटेल, पण रीळ चढवून वाकवायला आठवडाभर थांबा, पूर्ण ताकद यायला तेवढा वेळ लागतो, आणि तसाही ऑगस्ट उजाडेपर्यंत कुठे जाणार आहात.